मूळ रंगाच्या शोधात: तळोजा ते मोरा

आमच्या सोसायटीतल्या बायका हल्ली लांब लांब जाऊन येतात. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई स्वित्झर्लंडला गेल्या होत्या, त्या बर्फात बसून थेपले कसे खाल्ले ते अजून सांगतात. त्यांच्या समोरच्या व्हिएतनामला जाऊन आल्या आणि तेव्हापासून भाजीवाल्याशीही हात जोडून, वाकून बोलतात. मी तळोज्याला जाऊन आले. तिथून पुढे न्हावा शेव्याला आणि शेवटी मोऱ्याला. नेरूळपासून ही सगळी ठिकाणं इतकी जवळ आहेत की मुद्दाम बघायला कुणीच जात नाही. म्हणून तर लिहायला बसले. बर्फाचे डोंगर तुम्हाला कुणीही सांगेल हो, पण तळोज्याच्या रंगाच्या प्रयोगशाळेत चहा कशातून देतात हे सांगायला माझ्याशिवाय कोण आहे?

नेरूळ

निघण्याचं कारण आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ह्या वयात बाई कारखाने कशाला बघत फिरते.

आमचे व्याही काशिनाथ नाखवा, म्हणजे माझी सून रसिका हिचे वडील. मूळचे उरणकडचे कोळी. बंदरात नोकरी करून निवृत्त झाले आणि आमच्यापासून दोन सेक्टर सोडून राहतात. त्यांच्याकडे वडिलांपासून आलेली एक जुनी विलायती गाडी आहे. स्पोर्ट्स कार. दोघांपुरती, वर टप नाही, आणि इतकी बुटकी की तिच्यात बसायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं उतरावं लागतं. गोदीतल्या कुणा गोऱ्या साहेबाने मायदेशी जाताना ती व्याह्यांच्या वडिलांना दिली. प्रेमाने दिली की सुरू होत नव्हती म्हणून दिली, यावर नाखवांच्या घरात अजून दोन पक्ष आहेत.

अशा गाड्या बाळगणाऱ्यांचं इथे एक मंडळ आहे. दर हिवाळ्यात ते गाड्यांची मिरवणूक काढतात, तिला रॅली म्हणतात. मिरवणुकीत मान कुणाचा पहिला? तर ज्या गाड्या कारखान्यातून जशा निघाल्या तशाच आहेत त्यांचा. त्या ‘ओरिजिनल’ वर्गाच्या. बाकी सगळ्या ‘इतर’. इतर म्हणजे मागे, धूळ खात.

व्याह्यांना यंदा ओरिजिनलमध्ये, सगळ्यांच्या पुढे, गाडी चालवायची होती. यंदाच. कारण त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला काहीतरी झालंय आणि डॉक्टरांनी सांगितलंय की एवढा हिवाळा ठीक, त्यानंतर गाडीला हात लावायचा नाही. म्हणजे ते तरी आम्हाला तसं सांगत होते.

मंडळाचे परीक्षक सबनीस म्हणून आहेत. डोक्यावर गोल टोपी, हातात चामड्याचे मोजे. नवी मुंबईच्या उकाड्यात चामड्याचे मोजे! ते गाडी तपासायला आले तेव्हा मीही गेले होते. दातांच्या डॉक्टरसारखा छोटा आरसा गाडीखाली घालून ते तासभर बघत होते.

“हा स्क्रू चार खाचांचा आहे,” ते म्हणाले.

“मग?” व्याही म्हणाले.

“कारखान्यातून एका खाचेचा आला असणार.”

पुढे मागचे दिवे निघाले. त्यांचं म्हणणं, सुरुवातीच्या गाड्यांत वळण्याचा दिवाही लालच असायचा, पुढच्या वर्षांच्या गाड्यांत पिवळा झाला. आमच्या गाडीला डावीकडे लाल आणि उजवीकडे पिवळा. डॅशबोर्डवर रेक्झिन आहे, ते कारखान्याचं की कुणी दादरला बसवून घेतलेलं? सीटच्या कडेची गोट कुठल्या रंगाची होती? आणि मुख्य म्हणजे गाडी निघाली कुठल्या रंगात? आता ती लालभडक आहे. व्याही म्हणत होते, लहानपनी सफेद होती, मना आठवते.

“आठवण पुरावा नाही,” सबनीस म्हणाले. “इंजिनामागे पितळी पट्टी असेल. तिच्यावरच्या नंबरावरून रंग कळतो.”

पट्टी सापडली. सोन्यासारखी चमकत होती. त्यांनी टॉर्च मारला, भिंग लावलं, मग टोपी काढली.

“ही कोरी कशी?”

“कोरी नाय, चकचकीत हाय!” आमच्या विहीणबाई सुभद्राताई कौतुकाने पुढे झाल्या. “दर दसऱ्याला चिंच लावून घासते मी. माझी सासूपन घासायची.”

दोन पिढ्यांनी चिंचेने घासून कारखान्याचा नंबर नाहीसा केला होता. वर हळदीकुंकवाची बोटं होतीच. सबनीस खाली बसले. सुभद्राताईंना वाटलं, पितळ बघून भारावले. त्यांनी पाणी आणून दिलं.

तर असा हा शोध सुरू झाला. रसिकाने रजा घेतली, स्वतःची गाडी काढली आणि मला म्हणाली, “आई, तुमीपण चला ना. मम्मीचे गुडघे धरलेत, आणि बाबांशी बोलायला कुणी तरी पाहिजे. मी ट्रॅफिकशी बोलणार.”

मी निघाले, पण जरा मनाविरुद्धच. खरं सांगू? व्याही गेल्या वर्षभरात फार मानकरी झाले होते. आमच्या कराडकडे व्याह्यांचा मान मोठा. ताटातला पदार्थ त्यांनी हात लांब करून घ्यायचा नाही, वाढणाऱ्याने वाढायचा. चपला त्यांच्या पायांशी नीट लावून ठेवायच्या. आधी आपण हाक मारायची, मग ते बघणार. कोळ्यांत असलं काही नाही, ते ओटीवर बसून हाताने मासा तोडून आपल्या पानात टाकतात आणि तोच मान. आमचे व्याही तसेच मोकळे होते. पण अलीकडे वाढल्याशिवाय घेईनात, मी तोंड उघडल्याशिवाय ओळख दाखवीनात. मी मुलाला म्हटलंसुद्धा, गाडी मूळ रूपात आणता आणता तुझे सासरे कराडच्या मूळ रूपात निघाले.

तळोजा

तळोज्याला पोचल्याचं पाटी वाचून कळत नाही, नाकाने कळतं. एका गल्लीत कुजलेल्या अंड्यांचा वास, पुढच्या गल्लीत नखांच्या रंगाचा, तिसऱ्या गल्लीत चक्क बिस्किटांचा. बिस्किटांच्या गल्लीत रसिकाने काच खाली केली.

तिथे एका रंगाच्या कारखान्यात सबनीसांचा भाचा प्रयोगशाळेत काम करतो. सबनीस परस्पर तिकडे आले होते. त्याला दाखवायला आम्ही गाडीचं दार सोडवून नेलं होतं. दार मागच्या सीटवर, चादरीत गुंडाळून, माझ्या शेजारी. वळणावर ते माझ्या खांद्यावर रेलायचं. गेटवरच्या रखवालदाराने आत डोकावून विचारलं, “पेशंट है क्या?” रसिका म्हणाली, “हां, टेस्ट करना है.” त्याने लगेच सोडलं.

चहा आला तो काचेच्या मोजपात्रांतून. पात्रावर रेघा आणि आकडे. मला किती चहा दिला आणि मी किती प्यायला, सगळं वाचता येत होतं. मी भाच्याला विचारलं, “ह्यात आधी काय होतं रे बाबा?” तो म्हणाला, “काकू, चहाची वेगळी ठेवलीत.” मग पात्र उजेडात धरून म्हणाला, “बहुतेक.”

त्याने दाराच्या आतल्या कडेला रुपयाएवढी जागा बारीक पॉलिश पेपरने तिरपी घासली. कांदा कापल्यावर पापुद्रे दिसतात तसे रंग दिसायला लागले. वर लाल. त्याखाली गडद निळा. त्याखाली पिवळा, असा पिवळा की डोळे दिपावेत. त्याच्याखाली तांबूस अस्तर, आणि मग लोखंड.

सबनीस मामा-भाचे त्या रुपयाएवढ्या जागेवर वाकून इतकं बोलले की लग्न ठरवतानाही लोक तेवढं बोलत नाहीत. निळा इंग्लंडचा नव्हे. पिवळा तर मुळीच नव्हे. अस्तर मात्र देशी, आपल्याच इथल्या डब्यातलं.

“मामा, ही गाडी एकदा पूर्ण लोखंडापर्यंत घासली गेलीय,” भाचा म्हणाला. “इथून खाली इतिहास नाही.”

तेव्हा व्याह्यांना आठवलं. ते शाळेत असताना गाडी मागे घेताना मिठाच्या ट्रकवर आपटली होती. वडिलांनी गॅरेजमध्ये देऊन सगळी घासून घेतली, चेपलेली डिक्की बदलून दुसरी कुठल्याशा मोडीतल्या गाडीची लावली.

“आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?” सबनीस म्हणाले.

“तुमी आत्ता विचारला.”

भाच्याने मग रंगांच्या पट्ट्यांचा जाड जुडगा काढला. त्या काळात कारखाना जे रंग देत असे त्यांच्याशी मिळतेजुळते: मलईसारखा पांढरा, राखाडी, फिका हिरवा, काळा, लाल. म्हणाला, “काका, आठवणीतला सफेद ह्यातला कुठला, दाखवा.” व्याह्यांनी जुडगा हातात घेतला, उलटसुलट केला आणि माझ्याकडे दिला. “विहीनबाय, तुमी बघा. तुमची नजर चांगली.”

मला काय सुख झालं म्हणून सांगू! एवढ्या विद्वानांत व्याह्यांनी मला मान दिला. मी चष्मा पुसून अर्धा तास पट्ट्या बघितल्या आणि मलईवर बोट ठेवलं. जी गाडी मी लाल सोडून कधी कुठल्या रंगात पाहिलीच नव्हती, तिचा मूळ रंग मी ठरवत होते. तरी सबनीसांनी मान डोलावली. ह्या विद्येत आत्मविश्वास महत्त्वाचा असावा.

न्हावा शेवा

सबनीसांनी मागच्या दिव्यांची जोडी परदेशातून मागवलेली होती. ‘वर्षाला धरून बरोबर’ अशी, दोन्ही लाल. ती एजंटच्या ऑफिसात येऊन पडलीय, घेऊन या, म्हणून त्यांनी आम्हाला दुसऱ्या दिवशी पिटाळलं.

न्हावा शेव्याचा रस्ता म्हणजे कंटेनरांचा रस्ता. एकेक ट्रक आमच्या इमारतीच्या विंगएवढा, आणि त्यांच्यामध्ये रसिकाची गाडी म्हणजे हत्तींच्या कळपात शिरलेली शेळी. बाजूच्या मोकळ्या जागांत कंटेनर एकावर एक रचलेले, लाल, निळे, हिरवे. माझ्या मनात आलं, ह्यांचे मूळ रंग कोण शोधत असेल?

व्याही पुढच्या सीटवर बसून रसिकाला दर चौकात विचारत, “सुटला काय सिग्नल?” समोर एवढा मोठा दिवा असताना! मला वाटलं, बसल्या जागेवरून पोरीला हुकूम सोडायची हौस.

दुपारी एका ढाब्यावर जेवलो. सगळे ट्रकवाले, बाई म्हणून आम्ही दोघीच. तरी मालकाने पंख्याखालचं टेबल पुसून दिलं आणि डाळ दोनदा विचारली. इतक्या अगत्याने आमच्या मेहुण्यांच्या घरी वाढत नाहीत. टेबलावर हिरव्या मिरचीचा ठेचा होता. व्याह्यांनी डाव भरून घेतला, पोळीला लावला आणि खाल्ला. मी म्हटलं, “अहो, जपून.” डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, पण घास संपवला. “काकडीची कोशिंबीर जरा तिखट हाय,” एवढंच म्हणाले. मला वाटलं, काय थट्टा करतात! रसिका आणि मी पोट धरून हसलो.

एजंट भला माणूस. तीन फोनवर एकाच वेळी बोलत होता, चौथ्या बाजूने आमच्याशी. त्याने खोका उघडून दिला. दिवे सुरेखच होते. लाल काच, क्रोमची कडा. व्याह्यांनी हात फिरवला, काच गालाला लावली. “विलायती माल,” म्हणाले, “हाताला कलतो. आपल्याकडं आसा काम होत नाय. रसिका, काय लिवलाय खोक्यावर? वाच.”

रसिकाने वाचलं. परत वाचलं. मग तिने खोका माझ्याकडे दिला. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं: बनवण्याचं ठिकाण तळोजा, औद्योगिक वसाहत.

काल आम्ही ज्या गल्लीत बिस्किटांचा वास घेतला ना, तिच्या पलीकडची गल्ली. तिथे हे दिवे होतात, बोटीतून विलायतेला जातात, तिथे कुणीतरी त्यांना कापडात गुंडाळतो, आणि परत बोटीत बसून न्हावा शेव्याला उतरतात. त्यांनी माझ्या सोसायटीतल्या सगळ्या बायकांपेक्षा जास्त प्रवास केलाय.

रसिकाने तिथूनच सबनीसांना फोन लावला. ते जराही डगमगले नाहीत. “तळोज्यात विकत घेतले असते तर डुप्लिकेट. बाहेरून आले की ते ओरिजिनल. नियमांच्या पुस्तकात बसतं ते.”

राहिला रंग. परतीला लागण्याआधी व्याह्यांनी उरणजवळ मोऱ्याला राहणाऱ्या त्यांच्या मोठ्या बहिणीला फोन केला. हिराबाय त्यांच्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. त्यांना गाडीचा पहिला रंग आठवत असेल, ही आशा. फोन स्पीकरवर होता.

“रंग मना काय आठवतय रं,” पलीकडून खणखणीत आवाज आला. “पन त्याचा डिक्कीचा झाकन माझ्याकं हाय.”

व्याही फोनवर वाकले.

“कुठला झाकन, बाय?”

“चेपलेला. बापाशीनं दिलेला. सुकटीच्या पिपावर हाय. कवा येतास?”

मोरा

मोऱ्याचा धक्का तुम्ही पाहिला नसेल तर पाहा. भरती असली तर लाँच दिमाखात येऊन लागते आणि भाऊच्या धक्क्याची माणसं उतरतात. ओहोटी असली की पाणी असं काही मागे सरतं की समुद्राला कुठे दुसरीकडे काम निघालं असावं. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती. चिखलात होड्या कुशीवर झोपलेल्या आणि दोऱ्यांवर बोंबील वाळत घातलेले, आमच्याकडे सांडगे-कुरडयांच्या दिवसांत गच्ची असते तसे.

हिराबाय ऐंशीच्या पुढच्या. काष्ट्याचं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा गजरा आणि आवाज होडीवरून होडीवर जाणारा. मला बघून म्हणाल्या, “ये गो बाय, बस. ह्यी आपली वरमाय ना? काशा, हिला खुर्ची दे.” व्याही जागचे हलले नाहीत. मीच ओढून घेतली.

चहाच्या आधी ताट आलं. तळलेला बोंबील, तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण. मी माळकरी घरातली, आता मुलाने कोळ्यांची मुलगी केली म्हणून रस्सा खायला शिकले, पण बोंबील अजून बघूनच पोट भरतं. हिराबायने ओळखलं. माझ्या भाकरीवर गुळाचा खडा ठेवला आणि कुणाला काही बोलल्या नाहीत.

तळोज्याच्या रंगांचा उलगडा त्यांनी जेवता जेवताच केला. पिवळा? तो त्यांच्या हळदीचा. “माझी हलद होती. बापूस म्हनला, पोरगी पिवली झाली, मंग गाडीनं काय पाप केलाय? गाडीपन पिवली केली.” निळा? नवी होडी पाण्यात सोडली तेव्हा होडीचा रंग उरला, तो वाया कशाला घालवायचा? आणि लाल काशिनाथच्या लग्नाचा. कारण सुभद्राताईंची लग्नातली साडी लाल होती. सबनीसांनी ज्या निळ्यावर आणि पिवळ्यावर नाक मुरडलं होतं ते असे आले होते.

रसिका आईसाठी ताजी मासळी बघायला धक्क्यावर गेली, आणि आम्ही तिघं मागच्या पडवीत गेलो. तिथे निळं प्लास्टिकचं पिंप, आणि त्याच्यावर ते झाकण. बाहेरून गंजलेलं, चेपलेलं. हिराबायने ते उचलून उलटं केलं. सुकटीचा असा भपकारा आला की सबनीसांच्या भिंगालाही शिंक आली असती. मी पदराने आतली बाजू पुसली. कुठल्याही रंगाऱ्याचा ब्रश लागायच्या आधीच ते गाडीवरून निघालं होतं. कारखान्यातून निघाला तो रंग, जसाच्या तसा, कोपऱ्याकोपऱ्यात तकाकी धरून.

फिका हिरवा. कोवळ्या शेवग्याच्या शेंगेचा असतो ना, तसा. मी अगदी विद्वानासारखं मलईवर बोट ठेवलं होतं, ती फजिती मनात गिळली.

“दादा, बघा!” मी व्याह्यांना म्हटलं.

व्याह्यांनी झाकण दोन्ही हातांत धरलं. चेहरा उजळला. “सफेद! मी सांगत होतो ना? सफेद!”

मी हिराबायकडे बघितलं. हिराबायनी माझ्याकडे.

“सफेद नाय रं, काशा. हिरवा हाय.”

“काय बोलतस बाय, तुझ्या डोल्यांवर पडदा आलाय. सफेद हाय. विहीनबाय, सांगा हिला.”

मी उगाच पदर सारखा करायला लागले. हिराबाय मात्र दोन पावलं मागे सरल्या. हात कमरेवर ठेवले.

“काशा. बोटा किती?”

“आता काय पोरखेल लावलास?”

“किती ते बोल.”

व्याही हसले. “तीन.”

हिराबायनी हात वर केलेलाच नव्हता.

मग सगळं माझ्या डोक्यात फिरलं. ठेचा, सिग्नल, रंगांच्या पट्ट्या. वाढल्याशिवाय न घेणं आणि हाक मारल्याशिवाय न ओळखणं. माणसाला दिसत नव्हतं, आणि मी कराडचा मानपान धरून बसले होते! चाचपडावं लागू नये म्हणून ते थांबायचे आणि मी मनात म्हणायची, काय हा तोरा.

ते पिंपाच्या कडेवर बसले. म्हणाले, समोरचं सगळं पुसल्यासारखं दिसतं, कडेकडेने थोडं कळतं. लाल तेवढा अजून उठून येतो. डॉक्टरने गाडी कधीच बंद केलीय. दर रविवारी ते नुसती सुरू करतात, पार्किंगमध्ये हातभर पुढे, हातभर मागे.

“आनी रॅलीत रं?” हिराबायनी विचारलं.

“फुडच्या गाडीचा लाल दिवा दिसतो ना. त्याच्या मागून जायाचा, सावकाश.”

“अहो दादा,” मी म्हटलं, “पण ओरिजिनलवाले सगळ्यात पुढे असतात ना? तुमच्यापुढे दिवा कुणाचा?”

याचा विचार त्यांनी केला नव्हता. खरंच केला नव्हता. मला हसू आलं, आणि लगेच रॅलीचा रस्ता डोळ्यांपुढे आला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पोरंबाळं उभी असतात हो, फुगे घेऊन.

“रसिकाला सांगू नका,” ते म्हणाले. “तिला कलला तर मी तिच्या घरातला म्हातारा. आज हाय तो तिचा बापूस हाय. येक डाव चालवू द्या. तुमाला हात जोरतो, विहीनबाय.”

आणि त्यांनी हात जोडले. माझ्यापासून जरा उजवीकडे, तुळशीच्या कुंडीला.

तेवढ्यात रसिका पिशवी नाचवत आली. “मांदेली मिळाली! काय झालं? झाकण बघितलं? अरे वा, पिस्ता कलर!”

व्याही खाली बघत होते. सांगावं तर त्यांचा मान जातो, न सांगावं तर कुणाच्या तरी पोराचा जीव. मी खुर्चीवर ताठ बसले, पदर खांद्यावर घेतला आणि जन्मात काढला नव्हता असा आवाज काढला.

“दादा, ह्या पोरांनी कोर्टात सह्या करून लग्न केलं. आम्ही मुलाकडचे. मला ना पाय धुवायला पाणी मिळालं, ना विहिणीची पंगत. मी कधी बोलले?”

रसिकाचा चेहरा पडला. “आई? आता हे काय मधेच?”

“तू मध्ये बोलू नकोस. माझा मान राहिलाय तो मला आज पाहिजे.”

“मागा, विहीनबाय,” व्याही हळू म्हणाले.

“रॅलीत गाडी माझी सून चालवेल. व्याही शेजारी बसतील. मुलाची आई मागतेय, नाही म्हणायचं नाही.”

“मी?” रसिका ओरडलीच. “ती गाडी? बाबा मला तिच्यावर कपडासुद्धा मारू देत नाहीत!”

व्याही झाकणावरून बोट फिरवत होते, कडेकडेने.

“वरमायचा सबूद हाय, काशा,” हिराबाय म्हणाल्या.

“बरा,” ते म्हणाले. मग झाकण हिराबायकडे देत: “पन क्लच हलू सोडायचा. झटका दिलास तर खाली उतरवीन.”

रसिका काही विचारून घेणारी पोर नाही. पण परतीच्या वाटेवर माझ्या लक्षात आलं, ती बोलत होती. “आला सिग्नल, लाल आहे. सुटला. आता डावीकडे वळतेय, बाबा.” कुणी विचारलं नव्हतं तरी.

पुन्हा नेरूळ

झाकणाचा फोटो बघून सबनीस स्वतः मोऱ्याला धावले. सुकटीच्या वासात नाक खुपसून अर्धा तास उभे होते, असं हिराबाय सांगतात. झाकण मंडळाच्या कपाटात ठेवायला मागत होते. हिराबाय म्हणाल्या, “मंग सुकट काय उघडी ठेवू?” तो विषय तिथेच संपला.

इकडे येऊन ते म्हणाले, “नाखवासाहेब, पुरावा पक्का. आता गाडी लोखंडापर्यंत घासा, हा फिका हिरवा मारा, पहिला नंबर तुमचा.”

“लालच ऱ्हाऊ दे,” व्याही म्हणाले.

“एवढी वणवण केलीत ती कशासाठी मग?”

“कलला ना. बस झाला.” हिरवी केली तर पार्किंगमध्ये त्यांची त्यांना सापडली नसती, हे सबनीसांना कोण सांगणार?

रॅलीच्या सकाळी मला कळलं की ओरिजिनल गाड्या चालवत आणतच नाहीत. त्या ट्रकमधून येतात, मांडवात गालिच्यावर उभ्या राहतात आणि मालक दोरीच्या आत उभे राहून त्यांच्यावर फडकी मारतात. चालवल्या की दगड उडतो, रंग जातो, मूळपण जातं. पुढे जाण्याचा मान म्हणजे मांडवात आधी नेऊन ठेवण्याचा मान! आजवर मागच्या रांगेत असलेल्या व्याह्यांना तरी हे कुठून ठाऊक असणार? रस्त्यावर धावतात त्या फक्त ‘इतर’. एक लग्नाची सजवलेली गाडी, दोन साइडकारवाल्या मोटारसायकली, आणि शेवटी आमची लाल.

मी पाम बीच रस्त्याच्या कडेला उभी होते, सुभद्राताईंना हाताला धरून. आधी आवाज आला. गिअर टाकताना रसिकाने अशी खरखर केली की मांडवातले सबनीस वळले, आणि भर रस्त्यात, एवढ्या लोकांसमोर, व्याह्यांनी पोरीला खास कोळी शिव्या घातल्या. “दुसरा टाक! दुसरा! आवाज आयकत नाय काय तुला?” रसिका हसत होती. दुसरा पडला. गाडी मोकळी झाली आणि निघाली. व्याही डोळे मिटून बसले होते, मान जराशी कलती, कान इंजिनाकडे.

आमच्यासमोर आल्यावर रसिकाने त्यांना काहीतरी सांगितलं असावं. त्यांनी डोळे उघडले, हात उंच केला आणि तोंडभर हसून हलवला. आम्ही उभ्या होतो तिथून चार हात पलीकडे, शहाळ्यांच्या हातगाडीला.

मी सुभद्राताईंचा हात धरला, पदर खोचला आणि गुडघ्यांची पर्वा न करता दोघी त्या हातगाडीशी जाऊन उभ्या राहिलो.